बिबट्या राहिला

केनियात प्लॅस्टिकची पिशवी न्यायला बंदी आहे, 2017 पासून. ही बातमी आमच्या घरात पिवळ्या तापाच्या लशीपेक्षा जास्त गंभीरपणे घेतली गेली. लशीचं काय, दंडाला सुई टोचली की विषय संपला. पण ताईचं सगळं सामान बांधायचं शास्त्रच मुळी पिशवीवर उभं आहे. चपला एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, ओल्या कपड्यांसाठी वेगळ्या, कुणाला मळमळलं तर वेगळ्या, आणि शिवाय 'असू देत' म्हणून घडी घालून ठेवलेला एक गठ्ठा. "मग चिवडा न्यायचा कशात?" असं तिने ज्या आवाजात विचारलं, त्या आवाजात लोक डॉक्टरांना 'वाचतील ना?' विचारतात.

शेवटी माळ्यावरून स्टीलचे डबे उतरले. मुंबई विमानतळावर सामान तपासताना पडद्यावर काळ्या गोलांची रांग दिसली आणि तिथल्या जवानाने बॅग बाजूला घेतली. एक डबा उघडायला लावला. आत डोकावला, वास घेतला, "बाकरवडी?" एवढंच म्हणाला आणि झाकण स्वतःच्या हाताने घट्ट लावून डबा परत दिला.

लशीचं प्रकरणही अगदीच सोपं नव्हतं म्हणा. ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते, आणि तिचं पिवळं कार्ड परत येताना आपल्याच देशात दाखवावं लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. साठी ओलांडलेल्यांना डॉक्टर आधी चार प्रश्न विचारतात. आईला त्यांनी अंड्याची ॲलर्जी आहे का विचारलं, तर तिने गुडघ्यांचा इतिहास सांगितला. "आजी, या वयात आफ्रिकेत कशाला?" असं त्यांनी हसत विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ही सगळी चालली आहेत. मागे कुणीतरी सांभाळायला नको?"

आईला न्यायचं की नाही यावर घरात बराच खल झाला होता. न्यायचं नाही, या बाजूला एकटे दाजीच होते. पण दाजी म्हणजे जावई. आई मूळची साताऱ्याकडची. ठाण्यात इतकी वर्षं काढली तरी तिच्या लेखी जावयाचा शब्द म्हणजे शब्द. जावईबापूंनी आमटी गोड झाली म्हटलं की ती आमटी गोड, मग चमचाभर मीठ कमी का असेना. त्यामुळे 'आईंना झेपायचं नाही' असं दाजी म्हणताच ती निमूटपणे मान डोलवून बसली होती. शेवटी आमची धाकटी पिढी उपोषणाला बसायला निघाली, तेव्हा कुठे तिचं तिकीट निघालं.

दाजींनी सहलीची तयारी म्हणून एक यादी केली होती. सिंह, हत्ती, रानरेडा, गेंडा, बिबट्या. यांना 'बिग फाइव्ह' म्हणतात हे त्यांनी आम्हाला विमानात, बसमध्ये आणि नैरोबीच्या हॉटेलात जेवताना सांगितलं. यादी लॅमिनेट केलेली होती. लॅमिनेट म्हणजे प्लॅस्टिकच, पण हे त्यांच्या लक्षात आणून द्यायला कुणी धजलं नाही. या यादीची मला गंमत वाटते. ती केली शिकाऱ्यांनी. पायी जाऊन ज्यांना मारणं सगळ्यांत कठीण आणि जिवावरचं, ती ही पाच जनावरं. केनियाने 1977 मध्ये शिकारीवर बंदी घातली. शिकारी गेले, बंदुका गेल्या, यादी मात्र राहिली. आता ती हातात घेऊन आपण सनस्क्रीन लावून, छपराच्या गाडीत बसून, चिवडा खात त्याच पाचांच्या मागे हिंडतो.

नैरोबीहून मसाई मारा पाच-सहा तासांवर आहे. वाटेत रिफ्ट व्हॅलीचा कडा लागतो. खाली दरी अशी पसरते की दाजीसुद्धा मिनिटभर गप्प राहिले. मग नारोक गाव, आणि मग राखीव जंगल. आतले रस्ते म्हणजे मातीत उमटलेल्या दोन चाकोऱ्या. आमचा ड्रायव्हर पहिल्या खड्ड्यालाच मागे वळून म्हणाला, "आफ्रिकन मसाज. पैसे नाहीत." हा विनोद तिथले सगळेच ड्रायव्हर करतात असं नंतर कळलं, पण आईला तो इतका आवडला की तिने त्याला तिथल्या तिथे बाकरवडी दिली. त्या क्षणापासून गाडीत खरी सत्ता कुणाची, हे ठरून गेलं. आमच्या कुणाच्या हे लक्षात आलं नाही.

ताडोब्याला जाऊन आलेल्या माणसाला मारात गेल्यावर आधी संशयच येतो. आपल्याकडे जंगल म्हणजे पहाटे कुडकुडत जिप्सीत बसायचं, गाइडने ओठांवर बोट ठेवायचं, तासभर एका झुडपाकडे बघायचं आणि शेवटी मातीतला पंजाचा ठसा बघून 'आत्ताच गेला' यावर समाधान मानायचं. इथे गेटातून आत शिरलो आणि समोर झेब्रेच झेब्रे. त्यांच्यामागे जिराफ. जिराफांच्या पायांत हरणं. काही लपत नव्हतं की पळत नव्हतं. पंधराशे चौरस किलोमीटरचं हे माळरान, दक्षिणेला टांझानियाच्या सेरेंगेटीला लागून, मध्ये कुंपण नाही. पहिल्या झेब्र्यापाशी आम्ही इतका वेळ थांबलो की झेब्राच कंटाळून निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मुलगी फोनवरून मान वर करून म्हणाली, "झेब्राच आहेत ना? चला पुढे." माणसाला श्रीमंतीची सवय व्हायला एक रात्र पुरते.

आणि थंडी! विषुववृत्त जवळ म्हणून ताईने सगळ्यांचे सुती कपडे भरले होते. पण मारा आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंचावर आहे, आणि सकाळी सहाला उघड्या छपरातून जो वारा येतो त्याला भूगोलाचं पुस्तक माहीत नसतं. आई तेवढी पातळावर स्वेटर, स्वेटरवर शाल, पायात मोजे घालून स्पोर्ट शूज आणि डोक्याला कानटोपी अशा बंदोबस्तात बसली होती. तिला न झेपण्याचा विषय त्या सकाळीच निकालात निघाला. दाजींचे दात वाजत होते. अखेर तिने त्यांना कानटोपी देऊ केली आणि त्यांनी ती घेतली.

यादीचं काम जोरात चाललं होतं. हत्ती, रानरेडा, सिंह यांच्यावर खुणा झाल्या. सिंह तर झोपलेलाच होता, कारण सिंह दिवसातले अठरा-वीस तास झोपतो. दाजींनी त्याच्या झोपेचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. गेंडा म्हणून ड्रायव्हरने लांबवर बोट दाखवलं तिथे एक करडा दगड होता. बऱ्याच वेळाने दगडाने कान हलवला. दाजींनी ताबडतोब खूण केली आणि गाडी फिरवायला सांगितली. राहिला बिबट्या.

इतर मंडळींची आपापली जनावरं ठरत होती, पण ती यादीत नव्हती. ताईला तरस आवडलं. आजवर तिने त्याची बदनामीच ऐकली होती. इथे कळलं की ते बरीचशी शिकार स्वतः करतं आणि पुष्कळदा सिंहच येऊन ती हिसकावतो. शिवाय त्यांच्यात मादी नराहून मोठी आणि कळपात हुकूम तिचा. "बघा, बघा," असं ती दाजींना कोपराने ढोसून म्हणत राहिली. माझ्या मुलाला शेणकिडा सापडला. आपल्याहून मोठा शेणाचा गोळा मागच्या पायांनी उलटा ढकलत तो चढ चढत होता. गोळा घरंगळे, किडा पुन्हा खाली जाई, पुन्हा ढकले. गाडी त्याच्यासाठी थांबवून ठेवली म्हणून दाजी घड्याळ बघत होते, तेवढ्यात आई म्हणाली, "थांबा जावईबापू, त्याला वर पोचू दे." जावयाला थांबा म्हणण्याची तिची ही पहिलीच वेळ असावी. किडा वर पोचला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आता सिंहाच्या जोडप्याची गोष्ट. ती सांगावी की नाही असा प्रश्न आहे, पण आफ्रिकेला सहकुटुंब जाणाऱ्यांना सावध करणं माझं काम आहे. उघड्या गवतात सिंह आणि सिंहीण बसली होती. आम्ही पोचलो, कॅमेरे निघाले, आणि सिंहीण उठली. पुढे जे झालं ते मिनिटभरात आटोपलं. त्या मिनिटात माझ्या बायकोने आकाशातलं गिधाड बघितलं, मी दुर्बिणीची काच पुसली, मुलीने फोनमध्ये डोकं घातलं, आणि दाजींनी मुलाला घाईघाईने सांगितलं, "भांडतायत." पंधरा-वीस मिनिटं गेली आणि ती पुन्हा 'भांडली'. "पण मारामारी झाल्यावर तो असा आडवा का पडतो?" असं मुलाने विचारलं. उत्तर कुणाकडे नव्हतं. मग मागच्या सीटवरून आईचा आवाज आला. "भांडत कसली? माजावर आलीय ती. आता चार दिवस दोघांना खाणंपिणं सुचायचं नाही. गप बसा सगळे, उगाच कालवा करू नका." मी ते घाबरत घाबरत ड्रायव्हरला इंग्रजीत सांगितलं. त्याने मान डोलावली. अगदी बरोबर आहे, म्हणाला. हे असं काही दिवस चालतं, रात्रंदिवस, आणि तोवर शिकारीकडे त्यांचं फारसं लक्ष नसतं. साताऱ्याच्या गोठ्यातलं शिक्षण इथे कामी आलं. गाडीतला ताण उतरला, आणि मुलाने पुढचं काहीच विचारलं नाही. त्याला बहुतेक सगळं आधीपासून माहीत होतं.

जंगलात शौचालय नसतं, हा मुद्दा कुठल्याही सहलपत्रकात ठळक छापत नाहीत. ड्रायव्हर ठरावीक जागी गाडी थांबवतो, बॉनेटवर चढून दुर्बिणीने चहूकडे बघतो, झुडपाभोवती एक चक्कर मारतो आणि मग गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन या म्हणतो. लांब जायचं नाही. आमच्या बायकांनी दोन दिवस पाणीच कमी प्यायचा मार्ग काढला होता. आईने छत्री काढली. मला वाटलं उन्हासाठी. ती गाडीमागे गेली, छत्री उघडून आडवी धरली आणि तिच्याआड बसली. आम्ही सगळे भक्तिभावाने पुढे बघत होतो. एवढ्यात मुलगी फिसकन हसली. बाभळीच्या शेंड्यावरून एक जिराफ मान काढून छत्रीच्या पलीकडे बघत होता, तोंडात पाला तसाच. "आजी, जिराफ!" "बघू दे," छत्रीमागून उत्तर आलं. "त्याला काय कळतंय." दुसऱ्या दिवसापासून ती छत्री सार्वजनिक झाली.

मसाई लोकांच्या वस्तीत माणशी डॉलर मोजून आत गेलो. लाल शुका पांघरलेली तरुण पोरं उंच उड्या मारून नाचत होती. माझा मुलगा त्यांच्यात शिरला आणि बरी उडी मारली. मग दाजी शिरले. त्यांची उडी वर जाताना ठीक होती. पुढे दिवसभर ते गाडीत तिरके बसले. आई मात्र नाचाकडे पाठ करून एका झोपडीच्या भिंतीशी उभी होती. तिथली घरं बायका बांधतात; फांद्यांचा सांगाडा, त्यावर माती आणि गाईचं शेण. आईने नखाने भिंत जराशी खरवडली, बोटांत चुरगाळली, वास घेतला. घरमालकीण बाहेर आली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. आईने दोन्ही हातांनी शेणाचा अंदाज दाखवला, मातीचा दाखवला आणि भुवया उंचावल्या. त्या बाईने मान हलवून मातीचा हात बराच खाली आणला. आई विचारात पडली. "शेण जास्त घालतात. म्हणून तडा नाही," असा निकाल तिने आम्हाला दिला. मग गाई किती, दूध किती, हे सगळं बोटांवर झालं. निघताना त्या बाईने आईच्या हातात मण्यांचं कडं चढवलं आणि पैसे घेतले नाहीत. दाजींनी तसलंच कडं घासाघीस करून विकत घेतलं होतं.

गाडीत बसल्यावर मी माझ्याकडची माहिती पुढे केली. 1966 मध्ये केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झालेले जोसेफ मुरुम्बी यांचे वडील गोव्याचे व्यापारी आणि आई मसाई. ताई म्हणाली, "काय सांगतोस!" आई म्हणाली, "मग त्यात काय. चांगली माणसं आहेत ही." एवढ्यात गाडी खड्ड्यात गेली आणि इतिहास संपला.

रात्री तंबूबाहेर शेकोटीशी बसलो की दाजी रंगात येत. मोंबासापासून रेल्वे बांधायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर आणले होते. 1898 मध्ये त्साव्हो नदीवरच्या पुलाचं काम चालू असताना दोन आयाळ नसलेले सिंह रात्री तंबूत शिरून त्या मजुरांना ओढून नेत. महिनोन् महिने हे चाललं. शेवटी पॅटरसन नावाच्या इंजिनियरने दोघांना मारलं आणि आज ते पेंढा भरून शिकागोच्या संग्रहालयात उभे आहेत. गोष्ट खरी आहे आणि दाजींनी ती चांगली सांगितली, विशेषतः तंबूचं कापड फाटतं तो भाग. "असल्या गोष्टींना मी घाबरत नाही," असं म्हणून ताई झोपायला गेली. अंधारात पांघरूण वर करून आत शिरली आणि तिच्या पायाला काहीतरी ऊबदार, केसाळ आणि मऊ लागलं.

ती किंकाळी टांझानियात ऐकू गेली असेल. रात्रपाळीचा मसाई राखणदार हातात भाला आणि विजेरी घेऊन धावत आला, त्याच्यामागे आम्ही, आमच्यामागे आई छत्री घेऊन. पांघरूण काढलं. आत लोकरी गवसणी घातलेली गरम पाण्याची रबरी पिशवी होती. थंडी असते म्हणून तिथे जेवणाच्या वेळात माणसं येऊन प्रत्येकाच्या अंथरुणात ती ठेवून जातात. राखणदार भाल्याला टेकून हसत बसला. दाजींना तंबूबाहेर खुर्ची टाकून बराच वेळ बसावं लागलं.

शेवटच्या दिवसापर्यंत बिबट्या राहिलाच होता. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो, म्हणजे विल्डबीस्टांच्या स्थलांतराचा हंगाम. दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट, जोडीला झेब्रे आणि हरणं, पावसामागून उगवणाऱ्या गवताच्या मागे सेरेंगेटीतून इकडे येतात, आणि मारा नदी ओलांडतात. नदीत मगरी. लोक जगभरातून हे ओलांडणं बघायला येतात. आई विल्डबीस्ट म्हणत नसे. 'त्या दाढीवाल्या गाई' म्हणे. सकाळीच नदीकाठी पोचलो तर समोरच्या दरडीवर या दाढीवाल्या गाई हजारोंनी जमलेल्या. आमच्या बाजूला गाड्या मागे सरकून उभ्या. पहिल्या जनावराने उडी मारेपर्यंत पुढे जायचं नाही, नाहीतर ती बिचकून परत फिरतात.

आम्ही वाट बघू लागलो. एक विल्डबीस्ट दरडीच्या टोकाशी यायचं, खाली बघायचं, मागे सरायचं. मागून रेटा आला की दुसरं टोकाशी यायचं. तेही मागे. पंगतीत पहिल्या पानावर बसायला कुणी तयार नसतं, तसं चाललं होतं: तुम्ही बसा, छे छे, आधी तुम्ही. तास गेला. मुलांचा चिवडा संपला. बायकोला डुलकी लागली. आई मात्र खिडकीला नाक लावून एकाच जनावराचा माग ठेवत होती. "तो बघ, वाकड्या शिंगाचा. मघाशी आला होता. आता उजवीकडून येईल." आणि तो उजवीकडून येई.

तेवढ्यात वायरलेसवर 'चुई' असा शब्द आला. चुई म्हणजे बिबट्या. दाजींनी स्वाहिलीत पाचच शब्द पाठ केले होते, आणि हा त्यातलाच. ते ताडकन उठले, पाठीत कळ आली तरी उठले. बिबट्या झाडावर आहे, अर्ध्या तासाच्या वाटेवर, निघालं पाहिजे. ड्रायव्हरने किल्लीला हात घातला. त्याने आरशातून मागे बघितलं, दाजींकडे नव्हे.

"मी इथून हलणार नाही," आई म्हणाली.

गाडीत शांतता पसरली. ताईच्या लग्नापासून आजवर आमच्या घरात हे घडलं नव्हतं. "अहो आई, बिबट्या आहे," दाजी म्हणाले. "असू दे. त्याला झाडावर बसायचंय, बसेल. यांनी एवढ्या लांबून येऊन विचार चालवलाय, तो अर्ध्यात सोडून कसं जायचं?" ड्रायव्हरला मराठीचा गंध नाही. त्याने किल्ली काढून खिशात टाकली.

दुपार कलली. वाकड्या शिंगाचा पुन्हा टोकाशी आला, या वेळी पुढचे दोन्ही पाय उतारावर टाकले. सगळ्या गाड्यांची इंजिनं सुरू झाली. त्याने पाण्याकडे बघितलं. पाण्यात एक ओंडका होता, तो किंचित सरकला. वाकड्या शिंगाचा वळला, आणि बघता बघता सगळा कळप मागे फिरून धुळीत दिसेनासा झाला. नदी कुणी ओलांडली नाही. बिबट्याच्या झाडाखाली आम्ही पोचलो तेव्हा तिथे फक्त झाड होतं.

परतताना दाजी बोलत नव्हते. आई तृप्त होती. "शहाणी जनावरं," ती म्हणाली. "पटलं नाही, तर गेली परत. एवढी माणसं बघत होती, पण कुणाच्या भिडेखातर उडी मारली नाही." मारात मी जे काही ऐकलं त्यात मला हे सगळ्यांत अस्सल वाटलं, आणि ते कुठल्याही यादीत मावणारं नव्हतं.

तेव्हा वाचकहो, जमेल तेव्हा मारा जरूर बघा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'झेपायचं नाही' म्हणून मागे ठेवू नका, आणि छत्री घ्या. फक्त बिबट्यासाठी मात्र एवढा खर्च करू नका. तो आमच्या घरामागच्या येऊरच्या डोंगरात राहतो, आणि फेब्रुवारी 2019 मध्ये तर ठाण्यातल्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये स्वतःहून येऊन गेला होता.